आत्याचा आषाढ आणि आमचे पाच आठवडे

आत्याला पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं, त्या दिवशी तिच्यापेक्षा मीच जास्त चुकीची उत्तरं दिली. ते कबूल करूनच पुढचं लिहिते. घरातलं वयस्कर माणूस विसरायला लागलंय हे सगळ्यांना दिसतंय आणि कुणीच बोलत नाही, अशी घरं बरीच असावीत. आमचं त्यातलंच एक होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मिरजेच्या प्राथमिक शाळेत तिने छत्तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे जयपूरला आली. बाबा विमा कंपनीत, आणि बदली होऊन आम्ही राजा पार्कात भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली. ‘ळ’ मला आत्याने पाटीवर गिरवून शिकवला. आज मी हे मराठीत लिहू शकते ते तिच्यामुळे.

बाबा तिला अक्का म्हणतात, आई वन्सं म्हणते. ती अडुसष्ट वर्षांची झाली, मी तोवर नोकरीला लागले होते, त्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. की आधीच झालं होतं आणि आम्हाला त्या उन्हाळ्यात दिसलं, कोण जाणे.

*

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. आत्याने वरणाला दोनदा फोडणी घातली. खाली राहणाऱ्या शर्माजींच्या सुनेला तीन वेळा विचारलं की बाळ कधी झालं. मग दुधाचं प्रकरण झालं. सकाळी भैया दूध घालून गेला की अर्ध्या तासाने आत्या जिन्यात जाऊन उभी राहायची, आणि तो परतीच्या फेरीला सायकलवरून दिसला की त्याला अडवायची.

“आज दूध का नाही दिलं?”

“माताजी, अभी तो देकर गया हूँ.”

“खोटं बोलू नकोस. शाळेत असली मुलं मी पुष्कळ बघितली.”

तो बिचारा हसत वर बघायचा. आई खिडकीतून हाताने खुणा करायची, जा तू, जा. एका महिन्यात असं चार वेळा झालं.

आईने बाबांना सांगितलं. मी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते.

“वय झालंय तिचं,” बाबा म्हणाले.

“वय माझ्या आईचंही झालं होतं. ती अशी करत नव्हती.”

“तुझं आणि अक्काचं कधी पटलंय?”

इतक्या वर्षांत दोघींची भांडणं झाली होती हे खरं होतं. पोळी जाड झाली, पडदे कुठले लावायचे, मला किती मोकळीक द्यायची, अशीच साधी. पण त्यामुळे आईने काहीही पाहिलं तरी ती भावजयीची तक्रार ठरायची. आईला ते कळलं आणि तिने सांगणं सोडून दिलं.

मी मात्र भाची. माझ्यावर कुणी संशय घेतला नसता. मला आईपेक्षा जास्त माहीत होतं. आत्याच्या देवाच्या डब्यात, उदबत्तीच्या पुड्याखाली, मला चिठ्ठ्या सापडल्या होत्या. वहीच्या पानाचे नीट कापलेले तुकडे, तिच्या सुंदर अक्षरात. ‘मनू साडेआठला ऑफिसला जाते,’ म्हणजे मी. ‘गोळी सकाळी एकच.’ ‘खालच्या बाईंचं नाव सुनीता.’ मी वाचत होते तेवढ्यात ती आत आली. डबा माझ्या हातातून घेतला, बंद केला.

“कुणाला सांगू नकोस.”

मी मान हलवली. मला त्यात मोठेपणा वाटला, विश्वासाची गोष्ट वाटली. आता वाटतं, तेव्हाच धावत जाऊन बाबांना सांगायला हवं होतं.

*

जुलैत बाबा तयार झाले. “दाखवून आणू एकदा, म्हणजे तुझंही समाधान होईल,” असं आईला म्हणाले. आत्याला सांगितलं की ब्लड प्रेशर तपासायला जायचंय. दवाखान्यात आल्यावर बाबांनी मला पुढे केलं. “आत गर्दी नको. मनू, तू जा. तिला हिंदी नीट कळलं नाही तर तू सांग.” ते बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांना आत यायचं नव्हतं हे मला दिसत होतं.

माझी नोकरी तेव्हा अशी होती की परदेशातले डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवत, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. तिथला पहिला नियम, जे ऐकू आलं तेवढंच लिहायचं. कळलं नाही तर जागा कोरी सोडायची, अंदाजाने भरायची नाही. दोन वर्षांत तो नियम मी एकदाही मोडला नव्हता.

डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी आत्याला वार विचारला. तिने बरोबर सांगितला. मग विचारलं, “माताजी, महीना कौन सा चल रहा है?”

“आषाढ,” आत्या ताठ बसून म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी केलं. बाहेर सगळं शहर सावन सावन म्हणत होतं. मिठाईच्या दुकानांत घेवर लागले होते, बापू बाजारात लहरियाच्या साड्या टांगलेल्या. आत्या चुकली असं मला वाटलं.

मग त्यांनी तीन शब्द सांगितले. आम, कुर्सी, सिक्का. “थोड़ी देर बाद पूछूँगा.” मध्ये वजाबाकी करायला लावली, ती आत्याने माझ्यापेक्षा लवकर केली. मग परत विचारलं, “वे तीन चीज़ें?”

“आंबा,” आत्या म्हणाली. नंतर थांबली. तिने टेबलाकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. तिचा हात माझ्या ओढणीच्या टोकावर आला. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलीचा चेहरा मला माहीत आहे, मी स्वतः तशी मुलगी होते. मी ओठ न हलवता म्हटलं, “खुर्ची.”

“खुर्ची,” आत्या म्हणाली. तिसरा शब्द सांगायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, “घर में कुछ और देखा आपने? कुछ भूलना, रास्ता, खाना, दवाई?”

मला चिठ्ठ्या आठवल्या. दूधवाला आठवला. आत्या माझ्याकडे बघत होती.

“नहीं सर,” मी म्हटलं. “बस उम्र है.”

त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा फोटो लिहून दिला आणि आठवड्याने या म्हणाले.

*

रिक्षात बाबांनी विचारलं, “काय विचारलं?”

मला काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून महिन्याचं सांगितलं. आत्या म्हणाली आषाढ, डॉक्टरांच्या मते सावन.

बाबा घरी आले आणि चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेले. मिरजेहून दरवर्षी येणारं मराठी कॅलेंडर तिथे टांगलेलं असतं. त्यांनी बोट ठेवलं. आषाढ कृष्ण पक्ष.

“बघ. अक्काचं बरोबर आहे. यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. इथे श्रावण लागला, आपला लागायचाय अजून.” ते मोठ्याने हसले. फार दिवसांनी असे हसले. “डॉक्टरच नापास झाला की.”

आत्याही हसली. “मी आधीच म्हटलं होतं. मला काय झालंय?”

“आणि बाकीचं?” आईने विचारलं. “बाकी काय काय विचारलं त्यांनी?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले.

“बाकी ठीक होतं,” मी म्हटलं.

तपासण्यांची चिठ्ठी बाबांनी फोनखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. नंतर जो कुणी घरी आला त्याला ते आषाढाची गोष्ट सांगायचे. ऑफिसातल्या कुलकर्ण्यांना सांगितली, खातीपुऱ्याला राहणाऱ्या, रेल्वेतल्या कांबळेकाकांना सांगितली. मराठी माणसं ती ऐकून खूश व्हायची. गोष्ट चांगलीच होती आणि खरीही होती. तिच्या आड आम्ही पाच आठवडे बसलो.

*

आमचा श्रावण लागला. आत्या दर श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करते आणि संध्याकाळी जेवून सोडते. शेवटच्या सोमवारी आईने सव्वासहाला पान वाढायला घेतलं.

“मी जेवले की मघाशी,” आत्या देवापाशी बसून म्हणाली.

आईला वाटलं मी वाढलं. मी सहाच्या आधीच ऑफिसातून आले होते, मला वाटलं आईने वाढलं. मंगळवारी सकाळी आत्याने पुन्हा उपासाचं पातळ नेसलं आणि साबुदाणा भिजत घातला.

“वन्सं, सोमवार काल झाला,” आई म्हणाली.

“मला वार शिकवू नकोस.”

बाबा दाढी करत होते. तिथूनच म्हणाले, “तिच्या उपासात तू पडू नकोस गं.”

आईने भिजलेला साबुदाणा झाकून ठेवला. तो तसाच राहिला. संध्याकाळी आत्या पुन्हा म्हणाली, जेवले की मघाशी. मी ऐकलं. या वेळी मला संशय आला. सिंकमध्ये तिचं ताट नव्हतं. मी ते बघितलं आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. यापेक्षा सोपं करून हे मला सांगता येत नाही.

बुधवारी सकाळी गच्चीच्या दारात आत्या पडली. कपडे वाळत घालायला गेली होती. कपाळाला खोक पडली, डोळे उघडे, पण बोलावलं तर उत्तर नाही. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, “मनू, ती काल जेवली होती का?”

“नाही.”

“परवा?”

मी आत्याच्या कपाळावर ओढणी दाबून धरली. आईला कळलं.

*

तीन दिवस आम्ही मोठ्या हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात होतो. दोन दिवस पोट रिकामं आणि त्यावर ब्लड प्रेशरच्या गोळ्या, किती घेतल्या ते आत्याला सांगता आलं नाही. सलाईन लागलं. एका पेशंटजवळ एकच माणूस, एकच पास. रात्री आई राहायची, दिवसा मी. सकाळी सातला पास हातात देताना आई थोडक्यात सांगायची. सुई एकदा ओढली. चहा प्यायली. मला ‘बाई’ म्हणाली.

हॉस्पिटलात आत्या घरच्यापेक्षा फार जास्त विसरत होती. मिरजेत आहोत असं वाटायचं तिला. समोरच्या पलंगावरच्या बाईला तिने गप्प बसायला सांगितलं, आणि ती बाई खरंच गप्प बसली. मला हसू आलं आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथे कडी लागत नव्हती. बाहेरून कुणीतरी म्हणालं, “आराम से, बेटा, मैं खड़ी हूँ दरवाज़े पे.” कोण होती ते मी पाहिलं नाही. बाहेर आले तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. आई आत्याचे केस विंचरत होती. आत्याचे केस अजून लांब आहेत.

“घट्ट घाल वेणी,” आत्या म्हणाली. “तुझी वेणी नेहमी सैल.”

“घालते, वन्सं,” आई म्हणाली. तिने वेणी सोडली आणि पुन्हा घट्ट घातली. मी दारातच थांबले.

*

तिसऱ्या दिवशी ते जुलैतले डॉक्टर आले, ते या हॉस्पिटलातही पेशंट बघायचे. आई आणि मी पाळी बदलत होतो आणि बाबाही मला सोडायला वर आले होते, म्हणून आम्ही चौघेही तिथे होतो. त्यांनी कागद चाळला.

“जाँच करवाई थी, जो लिखी थी?”

बाबांनी घसा खाकरला. “सर, बात यह थी कि उस दिन इन्होंने महीना सही बताया था. हमारे यहाँ का पंचांग…”

“मालूम है,” डॉक्टर म्हणाले. “मेरे साथ के एक डॉक्टर नागपुर के थे. महीने का नंबर मैंने दिया था, काटा नहीं था.”

बाबांनी डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

“नंबर कहीं और कटे थे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. “कुर्सी भी माताजी ने खुद नहीं बताई थी. है ना?”

बाबा माझ्याकडे वळले. आत्या पलंगावर बसली होती, कपाळावर पट्टी. तिला किती कळत होतं मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, आता बोलले तर ही मला कधी माफ करणार नाही. न बोलले तर ही कदाचित राहणार नाही.

मी बोलले. खाली बघून, सलग. दूधवाला, फोडणी, सुनीताभाभी. सोमवार आणि मंगळवार. सिंकमध्ये नसलेलं ताट. शेवटी देवाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या. ‘गोळी सकाळी एकच’ हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी पलंगाचा दांडा धरला.

आत्या खिडकीकडे बघत होती.

डॉक्टरांनी तिच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. “माताजी, कोई भी एक वाक्य लिखिए. मन में जो आए. मराठी में ही.”

तिने आधी डावीकडे समास सोडला, घडी घालून, शाळेसारखा. मग लिहिलं. लिहून झाल्यावर कागद डॉक्टरांना न देता माझ्याकडे दिला.

“क्या लिखा है?”

मी वाचलं. मनातल्या मनात त्याचं हलकं, बरं वाटेल असं हिंदी तयार होऊ लागलं होतं. मी थांबले. मग जे होतं तेवढंच सांगितलं.

“लिखा है, मैंने खाना खाया या नहीं, मुझे याद नहीं रहता. और पूछने में शर्म आती है.”

बाबा वॉर्डाबाहेर निघून गेले. आई त्यांच्यामागे गेली नाही, ती आत्याजवळ सरकली.

आत्याने माझी ओढणी धरली. “नीट सांगितलंस ना त्यांना?”

“हो.”

“मग झालं तर.”

*

तपासण्यांत दोन गोष्टी अशा निघाल्या ज्यांवर औषध होतं. एक जीवनसत्त्व फार कमी होतं आणि थायरॉइड मंद चालत होतं. तिसऱ्या गोष्टीवर नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल, थोडं येणार नाही, आणि कुठलं किती ते काही महिन्यांनी कळेल. तिसऱ्या गोष्टीचं इंग्रजी नाव मी ऑफिसात कितीदा टाइप केलं होतं. त्याला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात हे मला आईने सांगितलं.

लवकर नेलं असतं तर काय वाचलं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. पाच आठवड्यांनी त्या आजारात फार फरक पडला नसता, ते म्हणाले, पण पडणं टळलं असतं. त्यांनी उगीच समजूत काढली नाही, याचं मला बरं वाटलं.

इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांनी आत्याने भैयाला अडवणं बंद केलं. रस्ता मात्र ती चुकते, म्हणून भाजीला आई तिच्याबरोबर जाते, आणि दोघी दरावरून भाजीवाल्याशी भांडून परत येतात. जेवणासाठी आईने युक्ती काढली. फ्रीजवर हजेरीचा तक्ता लावला, चौघांची नावं, दोन वेळा. जेवून उठलं की प्रत्येकाने स्वतःची खूण करायची, म्हणजे एकट्या आत्याला करावी लागत नाही. आत्याला तो फार आवडतो. बाबांनी खूण करायची राहिली तर ती लाल पेनाने ‘गैरहजर’ लिहिते.

ती माझ्यावर रागावली का? हो. घरी आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग ते विसरली. की विसरल्यासारखं केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

ज्यांच्या घरी असं चाललं असेल त्यांना मला एवढंच सांगायचंय. आत जाताना जो सगळ्यात जास्त पाहतो त्याला न्या, आणि तो घाबरट असेल तर आधी घरी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. मी लिहून नेलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

*

बाबांना सगळ्यात जास्त वेळ लागला. ते औषधं आणायचे, तारखा सांभाळायचे, पण घराबाहेर कुणाजवळ शब्द काढायचे नाहीत. आषाढाची गोष्ट सांगणं बंद झालं, तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. मिरजेला त्यांचे थोरले भाऊ आहेत, आप्पाकाका, ऐंशीच्या जवळ आलेले. दर रविवारी सकाळी बाबा त्यांना फोन करतात. आप्पाकाका विचारायचे, अक्का कशी आहे, आणि बाबा म्हणायचे, मजेत.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आप्पाकाकांनी हट्ट धरला, की अक्काला भाऊबीजेला एकटीला गाडीत बसवून दे, मिरजेला आम्ही उतरवून घेतो. बाबा नुसतेच हं हं करत राहिले. मी आणि आई मटार सोलत होतो. आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसून रुमालांच्या घड्या घालत होती.

“नाही, आप्पा,” बाबा म्हणाले. “एकटीला नाही पाठवता येणार.” मग पाठ आमच्याकडे करून, फोनला हाताचा आडोसा करून, अगदी हळू म्हणाले, “तिला विसरायचा आजार झालाय.”

पलीकडून ‘काय? काय झालंय?’ असं आम्हालाही ऐकू आलं. बाबांनी तेच पुन्हा म्हटलं, तितकंच हळू. पलीकडून पुन्हा ‘काय?’

आतून आत्याचा आवाज आला.

“मोठ्यानं सांग की. त्याला कुठं ऐकू येतंय हल्ली.”

आईचे हात थांबले. बाबांनी वळून आतल्या दाराकडे बघितलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि जिन्यातसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य पहिल्यापासून सांगितलं.